पेट्रोमॅक्समध्ये पेट्रोल घालू नका

ठाण्याहून भंडारदऱ्याला मुक्कामाला निघालेल्या मंडळींत एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय: पेट्रोमॅक्स, म्हणजे पंपाने हवा भरून पेटवायची रॉकेलची गॅसबत्ती, भडकते, पिवळी जळते? मग रॉकेलमध्ये थोडं पेट्रोल मिसळा. हा सल्ला चुकीचा आहे आणि जीवघेणाही.

रॉकेलची वाफ ठिणगीने पेट घ्यायला साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. पेट्रोलला उणे ४० च्या आसपासही पुरतं. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत ते पेट घ्यायला तयारच. त्यात टाकी दाबाखाली, वरून तापणारी. वॉशरमधून किंचित गळती झाली तरी आग टाकीपर्यंत पोचते.

मुळात दोष इंधनात नसतोच. रॉकेल नळीत तापून वाफ व्हावं लागतं, मग ती वाफ हवेत मिसळून मेंटलमध्ये, म्हणजे उजेड देणाऱ्या जाळीच्या पिशवीत, जळते. नळी पुरती तापली नसेल तर कच्चं रॉकेलच बाहेर येतं आणि ज्योत भडकते. अशा वेळी पंप मारत सुटू नका, त्याने भडका वाढतो. स्क्रू सैल करून हवा सोडा, बत्ती पूर्ण थंड होऊ द्या, मग स्पिरिटने पुन्हा नीट तापवा. तरीही उजेड मंद? नोझलमध्ये काजळी असेल, पिन फिरवून पाहा. पंप हवा धरत नसेल तर चामडी वॉशर बहुधा सुकलेला असतो. दोन थेंब तेल पुरतं. गळती शोधायला साबणाचं पाणी लावा, पेटती काडी कधीच नाही.

आणि कृपा करून, पेटती बत्ती तंबूत नेऊ नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.