ग्राउचो मार्क्सचा तो सिगारवाला जोक लाईव्ह गेलाच नव्हता

अमेरिकन विनोदी नट ग्राउचो मार्क्सच्या शोमध्ये आलेली भरपूर मुलं असलेली बाई, ती म्हणते माझं नवऱ्यावर प्रेम आहे, आणि ग्राउचो म्हणतो की सिगार मलाही आवडते पण मी ती अधूनमधून तोंडातून काढतो. हा किस्सा वर्षानुवर्षं फिरतोय, आणि सांगणारे हमखास म्हणतात की लाईव्ह टीव्हीवर बोलला आणि देशभर खळबळ उडाली.

अहो, पण त्याचा तो प्रश्नमंजुषेचा शो, 'यू बेट युअर लाइफ', लाईव्ह नव्हताच ना! १९४७ मध्ये रेडिओवर सुरू झाला, १९५० पासून टीव्हीवरही, आणि आधीच रेकॉर्ड करून ठेवायचे. गंमत अशी की ग्राउचोला हवं तेवढं बोलू द्यायचे, अर्ध्या तासाच्या शोसाठी कितीतरी जास्त रेकॉर्डिंग, मग कात्री, जे चालणार नाही ते तिथेच कापलं जायचं. असलं वाक्य त्या काळी प्रसारित होणं अशक्यच होतं. आणि स्वतः ग्राउचोनेच नंतर मुलाखतीत सांगितलं की मी हे बोललोच नाही.

मला वाईट याचं वाटतं की त्याची खरी कमाल मागे पडते. सिनेमात रंगवलेली मिशी लावून धुमाकूळ घालणारा माणूस इथे नुसता स्टुलावर बसून, समोरच्या साध्या माणसाशी गप्पा मारत हसवायचा, आणि आधीच ठरवलेला गुप्त शब्द स्पर्धकांपैकी कुणी बोललं की वरून खोटं बदक १०० डॉलर घेऊन खाली यायचं!