पार्श्वभूमी : घड्याळजी, दलाल आणि निर्मिक

डीइझमचा, म्हणजे धर्मग्रंथाच्या नव्हे तर बुद्धीच्या आधारावर देव मानणाऱ्या विचाराचा विषय निघाला की एक उपमा हमखास येते. देवाने विश्वाचं घड्याळ केलं, किल्ली दिली आणि तो निघून गेला. मराठीत या शब्दाला सर्वांनी मानलेला प्रतिशब्द अजून रुजलेला नाही, त्यामुळे व्याख्येचं काम ही उपमाच करते. ती आली कुठून, हे आधी बघायला हवं.

१७१५-१६ मध्ये दोन विद्वानांमध्ये पत्रांतून वाद झाला. जर्मन तत्त्वज्ञाचा टोमणा असा होता : न्यूटनच्या देवाला स्वतःच्याच घड्याळाला मधूनमधून किल्ली द्यावी लागते, म्हणजे तो कारागीर कच्चाच. न्यूटनच्या बाजूने लिहिणाऱ्या इंग्रज धर्मोपदेशकाने उत्तर दिलं : देवाच्या देखरेखीवाचून चालणारं विश्व मानलं, तर देवालाच जगाबाहेर घालवल्यासारखं होईल. या दोघांतला एकही डीइस्ट नव्हता. शिवाय याच धर्मोपदेशकाने १७०५ च्या व्याख्यानांत डीइस्टांचे चार प्रकार पाडले होते. जग निर्माण करून देव त्यात लक्षच घालत नाही, असं मानणारे हा त्यांतला फक्त पहिला प्रकार. चौथ्या प्रकारचे लोक देवाची देखरेख, नीती आणि मरणोत्तर न्याय हे सगळं मानत. फक्त ते बुद्धीने कळतं, त्यासाठी ग्रंथ लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे पहिल्या प्रकाराचं चित्र सगळ्यांनाच चिकटलं. माझ्या मते हा मोठा अन्याय आहे.

या विचाराचा पाया मानला जाणारा लॅटिन ग्रंथ १६२४ मध्ये पॅरिसमध्ये छापला गेला. लेखक इंग्रज उमराव. त्यात पाच सूत्रं आहेत : देव आहे, त्याची भक्ती करावी, सदाचार हाच भक्तीचा मुख्य भाग, पापाचा पश्चात्ताप करावा, मेल्यानंतर चांगल्या-वाईटाचं फळ मिळतं. यात निघून गेलेला देव कुठेच नाही. नाही तो पुरोहित.

खरा घाव बसला तो साक्षात्काराच्या दाव्यावर. थॉमस पेनच्या ‘एज ऑफ रीझन’ या पुस्तकातला युक्तिवाद सरळ आहे. देव एखाद्याशी बोलला असेल, तर तो साक्षात्कार त्याच्यापुरता. त्याने दुसऱ्याला सांगितला की ती ऐकीव गोष्ट झाली, आणि ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्याचं बंधन कुणावर नाही. या पुस्तकाच्या लेखकाला १७९३ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये अटक झाली. ८ जून १७९४ ला त्याच शहरात क्रांतिकारी सरकारने ‘परमसत्ते’चा भव्य उत्सव केला, आणि एकाच देवावर श्रद्धा जाहीर करणारा हा माणूस तेव्हा त्याच सरकारच्या तुरुंगात होता.

इंग्लंडमध्ये या पुस्तकाचे प्रकाशक आणि विक्रेते वर्षानुवर्षं खटले भोगत राहिले. महाग ग्रंथांतून विद्वानांनी केलेल्या चर्चेपेक्षा सरकारला धास्ती होती ती कामगाराच्या हातात पडणाऱ्या स्वस्त प्रतींची. १८१९ मध्ये एका लंडनच्या प्रकाशकाने कोर्टात बचाव म्हणून ते पुस्तकच वाचून दाखवलं, म्हणजे खटल्याचा वृत्तान्त म्हणून ते पुन्हा छापता येईल. तीन वर्षं कैद आणि १,५०० पौंड दंड झाला. प्रत्यक्षात तो सहा वर्षं आत राहिला. पुढे बायको आणि बहीणही तुरुंगात गेल्या, तरी दुकान चालू राहिलं. विकणारा ओळखू येऊ नये म्हणून आडोशाला एक तबकडी बसवली होती. गिऱ्हाईकाने हव्या त्या पुस्तकाच्या नावावर काटा फिरवायचा आणि पैसे द्यायचे की पुस्तक खाली येई. घड्याळाच्या उपमेपेक्षा या तबकडीत मला डीइझमचा इतिहास जास्त दिसतो.

आपल्याकडचा धागा याच लेखकाच्या ‘राइट्स ऑफ मॅन’मधून येतो. पुण्यातल्या एका तरुणाने, जोतीराव फुल्यांनी, ते १८४७ मध्ये वाचलं. पुढे त्याच्या ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तका’त, जे त्याच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालं, ‘निर्मिक’ हा शब्द येतो. शब्दशः घेतला तर अर्थ ‘निर्माण करणारा’, आणि म्हणून काही जण इथेही घड्याळजी शोधतात. तो सापडत नाही. या निर्मिकाने सर्व स्त्री-पुरुषांना जन्मतः स्वतंत्र केलं आहे आणि त्यांना हक्क दिले आहेत. त्याच्या आणि माणसाच्या मध्ये दलाल नको, हा मुद्दा. म्हणून फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचा झगडा दार्शनिक सभांपेक्षा लग्नाच्या मांडवात जास्त झाला. १८७३ मध्ये पुण्यात भटजीवाचून लग्न लागलं. नंतर छापलेल्या पूजाविधीत मंगलाष्टकं मराठीत आहेत, आणि त्यांत वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांबद्दल वचन मागते.