लोकलचा दरवाजा बंद करायला इतकं अवघड काय आहे?

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या आणि फूटबोर्डवर लटकलेले प्रवासी रुळांवर पडले. काहींचा जीव गेला. त्यानंतर मुंबईत सगळीकडे एकच मागणी ऐकू आली: लोकलला बंद होणारे दरवाजे बसवा. मागणी रास्त आहे. पण चालू गाड्यांना दरवाजा जोडला आणि काम झालं, असं होत नाही. दरवाजा बंद झाला की गाडीचं वेळापत्रक, डब्यातली हवा आणि मोटरमनच्या हातातलं नियंत्रण, हे सगळंच बदलतं.

आधी दरवाजात उभं राहणं किती धोक्याचं आहे ते मोजून पाहू. मुंब्र्याच्या अपघाताचं नेमकं कारण ठरवणं चौकशीचं काम. इथे फक्त भूमिती.

लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद असतो. शेजारच्या दोन मार्गांच्या मध्यरेषांमधलं अंतर जुन्या भागांत कमीत कमी ४.२६५ मीटर ठेवलेलं आहे. नव्या मार्गांसाठी ते ५.३ मीटर आहे, पण मुंबईत जुन्या मार्गांना सरकायला जागाच कुठे आहे? वजाबाकी केली तर सरळ रुळांवर दोन गाड्यांमध्ये उरतात जेमतेम ६० सेंटिमीटर.

वळणावर यातलंही काही जातं. डबा सरळ, ताठ, रूळ वाकलेला. डबा दोन बोगींवर, म्हणजे चाकं बसवलेल्या सांगाड्यांवर, टेकलेला असतो आणि त्या बोगींच्या मध्यबिंदूंमधलं अंतर सुमारे १४.६ मीटर. त्यामुळे वळणावर डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला आणि दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला सरकतात. किती, ते काढायचं सूत्र सोपं आहे: बोगींमधल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. त्रिज्या ५०० मीटर धरली तर मधला भाग ५.३ सेंटिमीटर आत येतो. डब्याची एकूण लांबी २०.७ मीटर असल्याने टोकंही जवळपास तेवढीच बाहेर जातात. आता बाहेरच्या मार्गावरच्या डब्याचा मध्य आतल्या मार्गावरच्या डब्याच्या टोकासमोर आला, की दोघांमधलं अंतर १० ते ११ सेंटिमीटरने कमी झालं. त्यात वळणावर बाहेरचा रूळ थोडा उचललेला असतो. दोन्ही मार्गांवर तो सारखाच उचललेला असेल तर दोन्ही गाड्या सारख्याच झुकतात आणि काही बिघडत नाही. बाहेरच्या मार्गावर तो दीड सेंटिमीटर जास्त असेल, तर रुळापासून दोन मीटर उंचीवर, म्हणजे दरवाजात उभ्या माणसाच्या कमरेच्या आसपास, गाडी आणखी पावणेदोन सेंटिमीटर जवळ येते. स्प्रिंगांवर डोलणाऱ्या, एका बाजूला माणसं लटकलेल्या डब्याचं डोलणं वेगळंच.

नियमपुस्तिकेत वळणांसाठी जादा अंतर सांगितलेलं आहे. पण ते डब्यासाठी. फूटबोर्डच्या कडेवर पाय ठेवून, धड बाहेर काढून उभ्या असलेल्या माणसाची छाती २५ ते ३० सेंटिमीटर जागा घेते आणि पाठीवरची सॅक आणखी १५ ते २०. समोरच्या गाडीतही असंच कोणी असेल, तर दोघांना मिळून ९० सेंटिमीटर लागतात. मिळतात ५० ते ६०. दोन्ही गाड्या ताशी ६० किलोमीटरने जात असतील तर सापेक्ष वेग सेकंदाला ३३ मीटर. बारा डब्यांची २५८ मीटरची गाडी तुमच्यासमोरून जायला आठ सेकंद घेते. त्या आठ सेकंदांत आत सरकायला मागे जागा नसते, हाच तर मूळ प्रश्न.

कायद्याने फूटबोर्डवरचा प्रवास गुन्हा आहे. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १५६, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड. चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असलेल्या गाडीत हे कलम कोणाला लावायचं, हे ज्याने त्याने ठरवावं.

पंधरा सेकंदांची किंमत

गर्दीच्या वेळी एका मार्गावर दर तीन मिनिटांनी गाडी, म्हणजे तासाला २० गाड्या, असं धरू. छोट्या स्थानकावर लोकल २० ते ३० सेकंद थांबते. एवढ्या कमी वेळात चढउतार होते, कारण दरवाजे उघडेच असतात: उतरणारे गाडी थांबण्याआधी उड्या मारतात, चढणारे सुटलेल्या गाडीत घुसतात. उघड्या दरवाजाने वाचणारा वेळ हा धोकादायक वागण्यातूनच वाचतो, हे लक्षात घ्यायला हवं.

बंद होणाऱ्या दरवाजाला उघडायला तीन-चार सेकंद, बंद होण्याआधी इशारा, बंद व्हायला तीन-चार सेकंद, मग सगळे दरवाजे बंद असल्याची खूण पाहून गाडी सोडायची. सगळं सुरळीत झालं तरी दहा सेकंद, कोणी मध्ये अडकलं तर पंधरा-वीस. समजा प्रत्येक गाडीमागे १५ सेकंद वाढले. १८० सेकंदांच्या जागी १९५ झाले, तर तासाला २० च्या जागी साडेअठरा गाड्या बसतात. डब्यात ३५० माणसं धरली तर एका गाडीत ४,२०० आणि दीड गाडी कमी झाली म्हणजे तासाला सहा हजारांहून जास्त माणसं फलाटावर राहिली. ती पुढच्या गाडीत चढणार, त्या गाडीचे दरवाजे आणखी उशिरा बंद होणार. म्हणून दरवाजे बसवताना सिग्नल व्यवस्थाही बदलावी लागते. गाड्यांमधलं अंतर ठरावीक खांबांवरच्या सिग्नलऐवजी रेडिओवरून सतत मोजणारी सीबीटीसी पद्धत आणली, तर गेलेले सेकंद दोन गाड्यांमधल्या अंतरातून परत मिळू शकतात.

दरवाजा स्वतः कसा चालतो? वर एक मोटर, तिच्यावर फिरणारा स्क्रू किंवा पट्टा, आणि त्याला लटकलेली सरकती झडप. झडपेच्या कडेला रबर. काही मध्ये आलं की मोटरला जास्त जोर लावावा लागतो, विजेचा प्रवाह वाढतो, आणि नियंत्रक झडप परत उघडतो. मनगट किंवा पाय असा ओळखता येतो. ओढणीचं टोक किंवा सॅकचा पातळ पट्टा ओळखता येईलच असं नाही, कारण रबर त्याच्याभोवती दबतं आणि दरवाजाला आपण पूर्ण मिटलो असं वाटतं. एसी लोकलमध्ये शेवटच्या क्षणी उडी मारणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

उलटी अडचण गर्दीची. आतली माणसं झडपेला बाहेर रेटतात, ती खोबणीत घासते, मोटरचा प्रवाह वाढतो आणि नियंत्रकाला वाटतं की कोणीतरी अडकलंय. दरवाजा पुन्हा उघडतो. पुन्हा रेटारेटी.

सगळ्या दरवाजांचे स्विच एका साखळीत, एकामागोमाग जोडलेले असतात. साखळी पूर्ण झाल्याशिवाय मोटरमनला गाडी हलवता येत नाही. सुरक्षेसाठी हे योग्यच, पण त्यामुळे बारा डब्यांतल्या एका दरवाजाचा एक स्विच बिघडला तरी पूर्ण गाडी उभी. मग गार्डने, ज्यांना आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, किंवा तंत्रज्ञाने त्या डब्यापर्यंत जाऊन दरवाजा हाताने ओढायचा, किल्लीने बाद करायचा, आणि मगच पुढे. मागे तीन मिनिटांवर दुसरी गाडी उभी असते.

श्वास आणि घाम

२५ डिसेंबर २०१७ ला बोरिवली-चर्चगेट मार्गावर पहिली एसी लोकल धावली आणि बंद दरवाजाची लोकल मुंबईत चालू शकते हे दिसलं. साध्या लोकलला तसेच दरवाजे लावले तर काय होईल?

उभा माणूस मिनिटाला सुमारे ०.३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ३५० माणसांचे झाले १०५ लिटर. डब्यात माणसांची जागा वजा करून सुमारे १५० घनमीटर हवा उरते. म्हणजे हवा बदलली नाही तर दर मिनिटाला दहा लाख भागांमागे ७०० भाग वाढ. बाहेरच्या हवेत हे प्रमाण ४२० च्या आसपास असतं. पाच मिनिटांत ते चार हजारांच्या घरात जातं. इतक्याने जीव जात नाही, डोकं जड होतं. खरा त्रास उष्णतेचा. प्रत्येक शरीर सुमारे १०० वॅट उष्णता टाकतं. ३५० माणसं म्हणजे बंद डब्यात ३५ किलोवॅटचा हीटर, वर घामाची वाफ. मे महिन्यात हे सहन होणार नाही.

कार्बन डायऑक्साइड दीड हजाराच्या आत ठेवायचा तर मिनिटाला शंभरेक घनमीटर ताजी हवा लागते, म्हणजे दीड मिनिटात पूर्ण डब्याची हवा बदलायची. मुंब्र्याच्या घटनेनंतर रेल्वे मंत्रालयाने बिगर एसी लोकलसाठी जे तीन बदल जाहीर केले, त्यांचा अर्थ इथे लागतो: तिरप्या पट्ट्यांचे, हवा येऊ देणारे दरवाजे, छतावरून हवा आत ढकलणारी यंत्रणा, आणि डब्यांना जोडणारा मार्ग, म्हणजे दादरला जिन्यासमोरच्या डब्यात कोंबली गेलेली गर्दी आतून पुढेमागे सरकू शकेल. पट्ट्यांमधून हवा येते ती गाडी पळताना. सिग्नलला उभ्या गाडीत छतावरचीच यंत्रणा कामाची, आणि वरच्या तारेतली वीज गेली तर तीही बॅटरीवर चालायला हवी. माझ्या मते या तिन्हींतला सर्वांत कमी बोलला गेलेला आणि सर्वांत उपयोगी बदल तिसरा आहे.

मेट्रो ३ च्या भुयारी स्थानकांत फलाटालाच उंच काचेचे दरवाजे आहेत, मग लोकलला का नाहीत, असंही विचारलं जातं. त्यासाठी गाडी दर वेळी काही सेंटिमीटरच्या हिशेबाने त्याच जागी थांबावी लागते आणि सगळ्या गाड्यांचे दरवाजे एकाच अंतरावर हवेत. लोकलच्या मार्गावर बारा आणि पंधरा डब्यांच्या, वेगवेगळ्या बनावटीच्या गाड्या धावतात आणि थांबवतो मोटरमन, आपल्या अंदाजाने. फलाट आणि डबा यांतली फट मात्र कमी करता येते. २०१४ नंतर मुंबईतले फलाट ९२० मिलिमीटरपर्यंत उचलण्याचं काम झालं, त्याने उभी फट घटली. आडवी फट वळणावरच्या फलाटांवर राहणारच, कारण तिथेही तेच सूत्र लागू आहे: ५०० मीटर त्रिज्येच्या वळणाच्या आतल्या बाजूच्या फलाटावर डब्याच्या टोकाशी मध्यापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर जास्त फट असते. लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर अशा फलाटावर मधला दरवाजा धरावा.

दरवाजाने न सुटणारा प्रश्न

मुंबईच्या रेल्वेवर वर्षानुवर्षं सर्वांत जास्त बळी गेले ते रूळ ओलांडताना. ताशी ८० किलोमीटरची गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. सेकंदागणिक एक मीटर प्रतिसेकंद या दराने वेग कमी होत गेला तरी थांबायला सुमारे २५० मीटर लागतात. मोटरमनच्या दीड सेकंदाच्या प्रतिक्रियेचे ३३ मीटर त्यात वेगळे. तो ओलांडणाऱ्याला पाहतो तेव्हा बहुतेक वेळा काही करणं त्याच्या हातात उरलेलं नसतं.

ओलांडणाऱ्याला गाडी दिसत नाही असं नाही. त्याचा अंदाज चुकतो. मोठी वस्तू आहे त्यापेक्षा हळू येतेय असं डोळ्यांना भासतं. हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्शेल लाइबोविट्झ यांनी १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांबद्दल मांडलं होतं. शिवाय समोरून थेट येणारी गाडी मोठी होत जाते तीही फसवत. ४०० मीटरवर डब्याची रुंदी डोळ्याला अर्धा अंश दिसते, नऊ सेकंदांनी एक अंश, आणि पोचायला दोन सेकंद उरले की एकदम पाच अंश. चार मार्ग ओलांडायला, खडीवरून, सामान घेऊन १६ ते १७ सेकंद लागतात. ४०० मीटरवरची गाडी १८ सेकंदांत येते. त्यातच शेजारच्या मार्गावरच्या गाडीचा आवाज दुसरीला झाकून टाकतो.

२०१० च्या सुमारास वडाळ्याजवळ फायनल माइल या मुंबईच्या संस्थेने रेल्वेबरोबर याच भ्रमावर उपाय करून पाहिले. रुळांखालचे आडवे स्लीपर ठरावीक अंतरापर्यंत पिवळे रंगवले, म्हणजे ते झाकले जाण्याच्या गतीवरून वेग कळावा. एका लांब हॉर्नऐवजी मध्ये शांतता सोडून दोन तुटक हॉर्न वाजवायला सांगितले. आणि नेहमीच्या इशाऱ्याच्या चित्राऐवजी गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे मोठे फोटो लावले. खर्च नगण्य. भिंती आणि पूल हवेतच, पण पूल जिथे लोक ओलांडतात तिथून दूर असेल तर भिंतीला भोक पडतंच.

दरवाजात उभं राहून मोबाइल पाहणाऱ्यांवर फटका गँगचा डोळा असतो: खांबाजवळ उभा राहिलेला माणूस काठीने हातावर फटका मारतो, फोन खाली पडतो, आणि फोनमागे झेपावणारा प्रवासी गाडीखाली जाऊ शकतो. फोन पडला तर उडी मारू नका, साखळीही ओढू नका. पुरेशा कारणाशिवाय ओढणं कलम १४१ खाली गुन्हा आहे. रुळांलगतच्या विजेच्या खांबावरचा आकडा वाचा. त्यातला पहिला भाग किलोमीटरचा, दुसरा त्या किलोमीटरातल्या खांबाचा. तो आकडा, गाडीची वेळ आणि दिशा घेऊन १३९ वर किंवा लोहमार्ग पोलिसांच्या १५१२ वर कळवा. माणूस पडला असेल तर साखळी ओढायला कारण पुरेसं आहे, पण तेव्हाही आधी तोच आकडा लक्षात ठेवा. ‘मुंब्रा आणि दिवा स्थानकांच्या मध्ये कुठेतरी’ एवढ्यावर स्ट्रेचर घेऊन निघालेल्यांना दोन्ही दिशांना शोधत जावं लागतं.