सॅल्व्हेज की रीबिल्ट? अमेरिकेतल्या ठोकलेल्या गाडीचे दोन शेरे

अमेरिकेत शिकायला आलेल्या मराठी मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर सेमिस्टरच्या सुरुवातीला एक जाहिरात हमखास फिरते. चार-पाच वर्षं वापरलेली टोयोटा, फोटोत झकास, किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी, आणि शेवटच्या ओळीत 'रीबिल्ट टायटल', म्हणजे मोडल्यावर दुरुस्त केलेल्या गाडीचा मालकीचा कागद. खाली लगेच सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, 'सॅल्व्हेज गाडीच्या नादी लागू नकोस.' दुसरा म्हणतो, 'माझ्या रूममेटची सॅल्व्हेजच आहे, रोज तिनेच जातो कामाला.' दोघंही बहुधा रीबिल्टबद्दलच बोलत असतात, कारण बहुतेक राज्यांत नुसत्या सॅल्व्हेज टायटलवर, म्हणजे निकालात काढलेली पण अजून दुरुस्त करून पास न झालेली गाडी रस्त्यावर आणताच येत नाही.

आपल्याकडे आरसी हा एकच कागद मालकीही सांगतो आणि नोंदणीही. अमेरिकेत ही दोन कामं दोन कागदांकडे आहेत. रजिस्ट्रेशन ठरावीक मुदतीने पैसे भरून नवं करायचं. टायटल हा मालकीचा दाखला. गाडी विकताना त्यावर सही करून तो घेणाऱ्याच्या हाती द्यायचा. तो राज्य सरकारचं खातं देतं, बहुतेक ठिकाणी डीएमव्ही, म्हणजे तिकडचं आरटीओ. गाडीवर काही मोठं संकट येऊन गेलं असेल, तर त्याचा शेरा याच कागदावर पडतो. सॅल्व्हेज आणि रीबिल्ट हे असे दोन शेरे. ते एकाच गाडीला एकापाठोपाठ एक लागतात: आधी सॅल्व्हेज, आणि कोणी ती दुरुस्त करून पास करून घेतली तर रीबिल्ट.

सॅल्व्हेज ठरतं ते मुख्यतः विम्याच्या हिशेबातून. अपघाताआधी गाडीची बाजारात काय किंमत होती आणि दुरुस्तीला किती लागतील, हे दोन आकडे समोरासमोर ठेवतात. समजा किंमत १२,००० डॉलर आणि दुरुस्तीचा अंदाज ९,५०० डॉलर. न्यूयॉर्कमध्ये मर्यादा ७५ टक्के, म्हणजे ९,००० डॉलर. गाडी फार जुनी नसेल तर ती सॅल्व्हेज झाली. टेक्ससमध्ये दुरुस्तीचा खर्च गाडीच्या पूर्ण किमतीच्या वर जावा लागतो, तेव्हा हीच गाडी तिथे सॅल्व्हेज ठरत नाही. कॅलिफोर्नियात टक्का ठरलेला नाही. दुरुस्ती परवडत नाही असं विमा कंपनीने ठरवलं की झालं, आणि ते ठरवताना दुरुस्तीच्या खर्चात मोडक्या गाडीला येणारी किंमतही मिळवतात. भंगारवाला ३,००० द्यायला तयार असेल तर बेरीज १२,५०० होते आणि गाडी निकालात निघते. तोच चेपलेला पत्रा, तीच वाकलेली चॅसी, पण टेक्ससच्या डॅलसमध्ये क्लीन, म्हणजे बिनशेऱ्याचं टायटल आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये सॅल्व्हेज.

म्हणून या शेऱ्यावरून गाडी किती मोडली होती याचा अंदाज बांधू नये. जुन्या गाडीला लहानसा मारही पुरतो. दोन एअरबॅग उघडल्या, हेडलाइट फुटला, फेंडर गेलं की दहा-बारा वर्षांच्या कोरोलाची सगळी किंमत त्यातच संपते. गारांनी टपावर खळगे पडलेली, पण यंत्र शाबूत असलेली गाडीही याच रांगेत असते. चोरीला जाऊन विम्याचे पैसे दिल्यावर सापडलेली गाडी काही राज्यांत याच खात्यात जाते. आणि पुरात बुडालेलीही. (यापलीकडे 'नॉनरिपेअरेबल' किंवा 'सर्टिफिकेट ऑफ डिस्ट्रक्शन' हा प्रकार आहे. ती गाडी पुन्हा कधीच नोंदली जात नाही, फक्त सुट्या भागांसाठी विकली जाते. तिच्या वाटेलाच जाऊ नये.)

विमा कंपनीकडून या गाड्या लिलावात जातात. कोपार्ट आणि आयएए ही त्यातली दोन मोठी नावं. एकरांवर पसरलेलं यार्ड, रांगेने लावलेल्या हजारो गाड्या आणि ऑनलाइन बोली. बऱ्याच राज्यांत सामान्य माणसाला थेट बोली लावता येत नाही, ब्रोकर गाठावा लागतो. बोलीच्या किमतीवर लिलाववाल्यांची फी, गेट फी, वेळेत उचलली नाही तर रोजचं भाडं, वर टो ट्रक, असं धरून ३,००० ची गाडी दारात येईपर्यंत बरीच फुगलेली असते. कोपार्टच्या यादीत 'रन अँड ड्राइव्ह' असा एक शिक्का दिसतो आणि नवखा माणूस त्यावर भाळतो. त्याचा अर्थ इतकाच की यार्डात आली त्या दिवशी गाडी सुरू झाली, गिअर पडला आणि ती आपल्या बळावर थोडी हलली. तुम्ही न्यायला जाल तेव्हा ती चालेल असंही त्यात अभिप्रेत नाही, हायवेची गोष्ट तर दूरच.

आता रीबिल्ट. वाचणाऱ्याला वाटतं, सरकारने तपासून 'गाडी ठीक आहे' असं लिहून दिलं. खरी गफलत इथे आहे. न्यूयॉर्कचा डीएमव्ही दुरुस्त झालेल्या सॅल्व्हेज गाडीची जी तपासणी करतो ती चोरीचे सुटे भाग वापरलेत का हे बघण्यासाठी असते. दुरुस्ती कशी झाली किंवा गाडी सुरक्षित आहे का, हा तिचा विषय नाही. टेक्ससमध्ये एक फॉर्म आहे, व्हीटीआर-६१. काय दुरुस्त केलं, कोणते भाग घातले, ते कुठून आणले हे दुरुस्त करणाराच त्यात लिहून देतो. म्हणजे परीक्षार्थीनेच स्वतःचा पेपर तपासल्यासारखं. त्यात टेक्ससने १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची दरवर्षीची सुरक्षा तपासणीही बंद केली. कॅलिफोर्निया त्या मानाने कडक: ब्रेक, दिवे वगैरे सुरक्षेच्या गोष्टी तपासून घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. पण नावांचा घोळही तिथेच जास्त. अशा गाडीला ते 'रिव्हाइव्ह्ड सॅल्व्हेज' म्हणतात आणि रीतसर नोंदलेल्या, रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या टायटलवर 'सॅल्व्हेज्ड' असंच छापतात. बे एरियातला मित्र 'माझी सॅल्व्हेज गाडी' म्हणतो तेव्हा तो चुकत नसतो. टेक्ससमध्ये तिलाच रीबिल्ट सॅल्व्हेज म्हटलं असतं आणि पेनसिल्व्हेनियात रीकन्स्ट्रक्टेड.

माझं मत थोडं उलटं वाटेल. सॅल्व्हेज अवस्थेतली गाडी रीबिल्टपेक्षा कमी लपवते. तिचा पुढचा भाग चेपला असेल तर तो समोर दिसतो, फुटलेला रेडिएटर दिसतो, सुरकुतलेली एअरबॅग स्टिअरिंगवर लोंबत असते. रीबिल्ट झाल्यावर या सगळ्यावर रंग चढतो. आणि गाडी दुरुस्त करणारा विकण्यासाठीच दुरुस्त करत असेल, तर तो पैसे डोळ्यांना दिसेल तिथे घालतो. बंपर नवा, रंग चकाचक, आतून डिटेलिंग, म्हणजे कसून साफसफाई. बंपरच्या आतला लोखंडी बार, वेल्डिंग, नव्या गाड्यांतल्या कॅमेरा-रडारचं कॅलिब्रेशन या गोष्टी फोटोत येत नाहीत.

एअरबॅगची चिंता सगळ्यात मोठी. फुटलेल्या एअरबॅगच्या जागी कंपनीची नवी घालायची तर खर्च मोठा, म्हणून स्वस्तातला, कुठूनतरी आलेला माल बसवतात, किंवा काहीच न बसवता वर झाकण लावतात. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याने, एनएचटीएसएने, अशा हलक्या प्रतीच्या परदेशी इन्फ्लेटरबद्दल, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागाबद्दल, जाहीर इशारा दिला. आधीच्या नऊ महिन्यांत त्यांच्यामुळे तिघांचा जीव गेला होता आणि दोघांना कायमच्या, विद्रूप करणाऱ्या जखमा झाल्या होत्या. एरवी माणूस वाचला असता अशा अपघातांत हे घडलं. एअरबॅगने वाचवायच्या ऐवजी धातूचे तुकडे अंगावर फेकले.

चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझला नाही तर दोष आहे हे कोणालाही कळतं. मुळात लागलाच नाही तर जास्त घाबरावं, कारण तो कोणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. सीटबेल्ट टोकापर्यंत बाहेर ओढून बघावा. अपघातात त्याचा ताणयंत्राचा भाग उडालेला असेल तर पट्टा अडकतो किंवा ढिला परततो. पुरातल्या गाडीत त्याच पट्ट्याच्या आतल्या भागावर चिखलाची रेघ सापडते. स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ आणि गंजही पाहावा, तिथे डिटेलिंगवाल्याचा हात सहसा पोचत नाही.

पुरातली गाडी हा प्रकार मी ठोकलेल्या गाडीपेक्षा वाईट धरतो. ठोकलेल्या गाडीचं नुकसान एका बाजूला असतं, पाण्याचं सगळीकडे पसरतं. वायरिंगचे जोड आतून सडत राहतात आणि सहा महिन्यांनी खिडकी आपोआप खाली येते. ऑगस्ट २००५ च्या कॅटरिना वादळानंतर, पुढे २०१२ ला सँडी आणि २०१७ ला हार्वीनंतर अशा गाड्या धुऊनपुसून दूरच्या राज्यांत विकल्या गेल्या. कॅटरिनाच्या महिनाभर आधीच २६ जुलैला मुंबई बुडाली होती, तेव्हा बुडालेली गाडी कशी वास मारते हे पुष्कळांच्या घरी ठाऊक आहे. अमेरिकेत त्यात आणखी एक युक्ती चालते. शेऱ्यांचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे, म्हणून गाडी एका राज्यातून दुसऱ्यात नोंदवत नेली की कधीकधी शेरा वाटेत गळून पडतो. याला टायटल वॉशिंग म्हणतात.

ही युक्ती रोखायला एनएमव्हीटीआयएस ही देशपातळीवरची नोंद आहे. १९९२ च्या कायद्याने ती ठरली, आणि २००९ पासून विमा कंपन्या आणि भंगार यार्डांना तिथे गाड्यांची माहिती देणं बंधनकारक झालं. गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे ओळखक्रमांक, घालून थोड्या डॉलरमध्ये अहवाल मिळतो. एनआयसीबी या संस्थेची व्हीआयएनचेक सेवा तर फुकट आहे. माझ्या लेखी सगळ्यात कामाची गोष्ट मात्र वेगळीच: व्हीआयएन साध्या गुगलमध्ये टाका. लिलावात गाडीचे जे फोटो काढले होते ते बऱ्याचदा अजून कुठे ना कुठे सापडतात. विक्रेता 'फक्त बंपरला लागलं होतं' म्हणतो आणि फोटोत इंजिन केबिनकडे सरकलेलं दिसतं, तेव्हा पुढची घासाघीस करायची गरज उरत नाही. विम्याकडे न जाता परस्पर दुरुस्त झालेली गाडी यातल्या कुठल्याच यादीत नसते, एवढं लक्षात असू द्यावं. क्लीन टायटल म्हणजे अपघात झालाच नाही असं नव्हे.

पैशांचं गणित दोन्हीकडे वेगळं आहे. सॅल्व्हेजवर कर्ज जवळपास मिळत नाही आणि रस्त्यावर चालवायचा विमाही नाही. रीबिल्टला दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा लायबिलिटी विमा बहुधा मिळतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह, काही कंपन्या नाकारतात, आणि दिला तरी भरपाई रीबिल्टच्या उतरलेल्या किमतीवरच. मूळ वॉरंटी बहुतेक वेळा सॅल्व्हेज ठरताच जाते. टेस्ला असेल तर कंपनी सॅल्व्हेज झालेल्या गाडीचं सुपरचार्जिंग, म्हणजे तिच्या केंद्रांवरचं जलद चार्जिंग, बंद करू शकते, तेव्हा त्या स्वस्ताईकडे बघूच नये.

रीबिल्ट गाडी क्लीन टायटलपेक्षा साधारण २० ते ४० टक्के स्वस्त मिळते, पण विकतानाही तेवढीच उतरते. दोन वर्षांचं एमएस करून गाडी काढून टाकणार असाल तर ही सवलत पुढच्या विद्यार्थ्याला द्यावी लागेल, आणि त्याला गाठण्यात तुमचे महिने जातील. गाडी निकामी होईपर्यंत वापरणार असाल तरच ही सवलत खऱ्या अर्थाने तुमच्या खिशात राहते, तीही लिलावातले फोटो, सुट्या भागांच्या पावत्या आणि स्वतःच्या मेकॅनिककडून लिफ्टवर चढवून केलेली तपासणी, या तिन्ही गोष्टी हातात असतील तर. सॅल्व्हेज मात्र ज्याच्याकडे गॅरेज, हत्यारं आणि पत्राकामाची जाण आहे त्यानेच घ्यावी. बाकीच्यांना अर्धवट उघडलेली गाडी पार्किंगमध्ये ठेवल्याबद्दल अपार्टमेंटवाल्यांची नोटीस येते.

आणि गाडी बघायला निघण्याआधी विमा कंपनीला व्हीआयएन सांगून विचारावं, की या गाडीला पूर्ण कव्हरेज द्याल का आणि कितीला. फोनला दहा मिनिटं लागतात. उत्तर 'नाही' आलं तर तासभराचा उबरचा खर्च वाचतो.