गर्भावस्थेतील स्नायुवाढ (पशुधन)

जनावराच्या अंगावर पुढे किती मांस भरेल, याची एक मर्यादा ते जन्मण्यापूर्वीच पडते. स्नायुतंतूंची (स्नायू ज्या लांब, धाग्यासारख्या पेशींचा बनतो त्यांची) संख्या मुख्यतः गर्भाशयात ठरते. जन्मानंतर असलेले तंतू जाड व लांब होतात.

धड व पाय यांचे स्नायू मज्जानलिकेच्या (गर्भातील जिच्यापासून पुढे मेंदू व मेरुरज्जू बनतात त्या नळीच्या) दोन्ही बाजूंच्या मध्यस्तरीय खंडांतील स्नायुजनक पेशींपासून घडतात. या पेशी एकमेकींत मिसळून आधी प्राथमिक तंतू बनतात. त्यांच्याच आधाराने भोवती दुय्यम तंतू येतात. डुकरात (गर्भकाळ सु. 114 दिवस) दुय्यम तंतू साधारण 55 ते 90 व्या दिवसांत, मेंढीत (सु. 150 दिवस) सु. 100 व्या दिवसापर्यंत, तर गाईत सु. 180 व्या दिवसापर्यंत तयार होतात. प्राथमिक तंतूंची संख्या बरीचशी आनुवंशिक असते. आईच्या आहाराचा फटका बसतो तो दुय्यम तंतूंना, कारण अन्न तुटले की गर्भ मेंदू व हृदय आधी राखतो. डुकरीच्या एकाच वेतातील सर्वांत लहान पिलात दुय्यम तंतू कमी आढळतात ते यामुळेच. असे पिलू सावकाश वाढते आणि त्याच्यात चरबीचे प्रमाण जास्त राहते.

जन्मानंतर संख्या खरोखर गोठते का, यावर मतभेद आहेत. डुकराच्या पिलांत जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत अतिशय बारीक तंतूंची तिसरी पिढी दिसल्याची निरीक्षणे आहेत. दुसऱ्या मतानुसार आधीचेच तंतू लांबून छेदाच्या पातळीत आल्यामुळे मोजणी फुगते. मोजणी स्नायूच्या एकाच आडव्या छेदावर होत असल्याने हा आक्षेप वजनदार आहे. तंतूंना नंतर नवी केंद्रके पुरवणाऱ्या उपग्रह पेशी ॲलेक्झांडर माउरो यांनी 1961 मध्ये बेडकाच्या स्नायूत वर्णिल्या. त्यांचा साठाही गर्भातच पडतो.

शेळीसाठी बहुधा मेंढीचे आकडे धरतात. सिंधुदुर्गातील कोकण कन्याळ शेळी जानेवारीच्या आरंभी फळली, तर दुय्यम तंतू बनण्याचा काळ, म्हणजे 50 ते 100 वा दिवस, फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमध्यात येतो. तेव्हा कातळावरचे गवत सुकलेले असते आणि हाताशी भाताचा पेंढा असतो. त्यात प्रथिने जेमतेम 3–4 टक्के. खुराक मात्र रिवाजाने शेवटच्या दीड महिन्यातच (रोज 200–250 ग्रॅ.) सुरू होतो. त्याने करडाचे जन्मवजन व शेळीचे दूध वाढते, पण हुकलेले तंतू परत येत नाहीत. म्हणून दुसऱ्या महिन्यापासूनच फणसाचा किंवा गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडिया) पाला रोज 1–1.5 किग्रॅ. व थोडी पेंड द्यावी. गिरिपुष्प ताजे नाकारले जाते. काही तास सुकवून घालावे. सुबाभळीत मिमोसीन हे विषारी द्रव्य असल्याने तिचा पाला एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. अखेरच्या महिन्यात शेळी फार लठ्ठ असली, तर पोटात जुळी असताना तिला गर्भविषबाधा (गाभण काळाच्या अखेरीस रक्तातील साखर घटून शेळीला होणारा आजार) होण्याचा धोका असतो आणि करडू मोठे होऊन अडतेही.

कोंबडीत तंतूंची संख्या उबवणीच्या 21 दिवसांतच जवळपास पुरी होते. मासे या नियमाला अपवाद आहेत : खाडीतल्या जिताड्यासारख्या मोठ्या वाढीच्या माशांत अंड्यातून बाहेर पडल्यावरही दीर्घकाळ नवे तंतू बनत राहतात.