ज्येष्ठांसाठी सुरक्षित घर आणि संवर्धित वास्तव

ज्येष्ठ व्यक्तीच्या घरात आधाराचा दांडा, उतार किंवा नवे फर्निचर बसवण्याआधी ते मोबाइल, टॅब्लेट किंवा डोक्यावरील उपकरणातून त्याच जागी, खऱ्या मापात पाहून ठरवण्याची पद्धत म्हणजे संवर्धित वास्तवाचा (ऑगमेंटेड रिॲलिटी) घरगुती वापर. आभासी वास्तवात (व्हर्च्युअल रिॲलिटी) पाहणारा दुसऱ्याच जगात जातो; इथे घर आपलेच राहते, फक्त त्यात नसलेली वस्तू दिसते. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ ही संज्ञा १९९० च्या सुमारास बोइंगमधील टॉम कॉडेल यांनी वापरात आणली. साध्या फोनवर हे तंत्र २०१७-१८ मध्ये, ॲपलचे एआरकिट आणि गुगलचे एआरकोअर ही ॲप बनवण्याची साधने आल्यावर पोहोचले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० मृत्यू होतात. त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक. वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यानुसार घरातले धोके दूर केल्याने पडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी घटते. ज्यांना धोका मुळातच जास्त, त्यांच्यात ३८ टक्क्यांनी.

कागदावरचा नकाशा सगळ्यांनाच वाचता येत नाही. दारातली पायरी १५ सेंमी असेल, तर १:१२ उताराला, म्हणजे उंचीच्या बारापट लांबीच्या उताराला, १.८ मीटर लांबी लागते. हा आकडा ऐकून कोणी मान डोलावेल. पडद्यावर तोच उतार फाटकाबाहेर गेलेला दिसला की चर्चा खरी सुरू होते. चाकाच्या खुर्चीला वळायला लागणारे दीड मीटरचे वर्तुळ जमिनीवर उमटले, की पलंग कुठे सरकवायचा ते घरचेच सांगतात. दांड्याची उंची मात्र पडद्यावरून ठरवू नये. कमोडवरून उठताना हात आपोआप कुठे जातो ते व्यवसायोपचारतज्ज्ञाने (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) पाहावे आणि खूण तिथे करावी.

कॅमेरा भिंती-फरशीवरचे ठळक बिंदू धरून जागा ओळखतो. कोऱ्या पांढऱ्या टाइल्स, आरसा, ओली चकचकीत फरशी, मंद दिवा यांपुढे तो गोंधळतो आणि दांडा हवेत तरंगू लागतो. म्हणजे जिथे गरज सर्वाधिक, त्या न्हाणीघरातच हे तंत्र सर्वांत लंगडे. लायडार, म्हणजे लेझर किरणांनी अंतर मोजणारा संवेदक, असलेल्या उपकरणांत अंधाराची अडचण कमी होते, आरशाची उरतेच. शिवाय भिंतीच्या आतले काहीच दिसत नाही. पोकळ पार्टिशनवरचा दांडा पडद्यावर भक्कम वाटतो आणि माणसाचा भार पडताच स्क्रूसकट उपटून हातात येऊ शकतो. त्यासाठी भिंत ठोकूनच पाहावी लागते.