डब्यावरचे २४ ग्रॅम

माझ्या भाच्याने जिम सुरू करून महिनाही झाला नव्हता, तोवर दोन किलोचा व्हे प्रोटीनचा डबा घरात आला. किंमत सहा हजार. डबा ओट्यावर ठेवून तो म्हणाला, "मावशी, तू केमिस्ट्री शिकवतेस ना? मग सांग, हा ओरिजिनल आहे का?" त्याच्या जिममधल्या मुलांनी त्याला दोन-तीन परीक्षा शिकवल्या होत्या. गार पाण्यात पटकन विरघळली तर पावडर चांगली, फेस जास्त आला तर भेसळ, वगैरे. त्यांतली एकही खरी नाही. पावडर पटकन विरघळते ती बहुधा तिच्यात घातलेल्या लेसिथिनमुळे, आणि दुधातली प्रथिनं घुसळली की फेस येणारच.

पण त्याचा प्रश्न रास्त होता. महिन्याच्या खर्चातून सहा हजार बाजूला काढून एखादा मुलगा डबा आणतो, तेव्हा आत काय आहे हे कळण्याचा त्याला हक्क आहे.

व्हे म्हणजे निवळी. पनीर करताना सुटणारं हिरवट-पिवळं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तो रंग रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन असतं आणि उरलेलं २० टक्के व्हे. मात्र पनीरचं पाणी आणि पावडरचा कच्चा माल यांत मोठा फरक आहे. पनीरसाठी आपण दूध उकळतो. त्या उष्णतेने व्हे प्रथिनांची घडी उलगडते, ती केसीनला चिकटतात आणि त्यांतली बरीचशी पनीरबरोबर फडक्यातच राहतात. चीजसाठी दूध तिशी-पस्तिशीच्या तापमानाला रेनेट घालून गोठवतात, त्यामुळे व्हे प्रथिनं पाण्यात शाबूत राहतात. म्हणून पावडर होते ती चीजच्या निवळीची. दहा लिटर दुधातून एक किलोच्या आसपास चीज निघतं आणि नऊ लिटर निवळी उरते. युरोप-अमेरिकेत ही निवळी पूर्वी डुकरांना घालत किंवा सरळ नदीत सोडत, आणि नदीतला प्राणवायू संपून मासे मरत. पुढे बारीक छिद्रांच्या पडद्यांतून पाणी आणि लॅक्टोज (दुधातली साखर) गाळून प्रथिनं मागे ठेवण्याचं तंत्र आलं आणि टाकाऊ पाण्याला भाव आला. आपल्याकडे चीज कमी होतं, त्यामुळे या पावडरीचा बराचसा कच्चा माल बाहेरून येतो. पुणे जिल्ह्यात मंचरला मात्र चीजच्या कारखान्यातच निवळीपासून व्हे पावडर बनते.

आता डब्यावरचा आकडा बघू. भाच्याच्या डब्यावर लिहिलं होतं: एक स्कूप ३३ ग्रॅम, त्यात प्रोटीन २४ ग्रॅम. हे २४ ग्रॅम मोजतात कसे, हे कळलं की निम्मा प्रश्न सुटतो.

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. धान्यातलं प्रोटीन मोजायची एक पद्धत त्यांनी १८८३ साली मांडली. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, त्यातल्या नायट्रोजनचं अमोनियात रूपांतर करायचं आणि तो अमोनिया मोजायचा. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून नायट्रोजनच्या आकड्याला ६.२५ ने गुणलं की प्रोटीन मिळतं. दुधासाठी ६.३८ हा गुणक वापरतात. पद्धत इतकी भरवशाची ठरली की आजही जगभर तीच चालते. तिची अडचण एकच. हा नायट्रोजन प्रोटीनमधून आला की दुसऱ्या कुठल्या पदार्थातून, हे आम्लाला कळत नाही. लेबलवर छापलेला प्रोटीनचा आकडा मुळात नायट्रोजनचा आकडा असतो.

याचा सर्वांत भयंकर गैरफायदा २००८ साली चीनमध्ये घेतला गेला. दुधात पाणी घालायचं आणि प्रोटीन कमी दिसू नये म्हणून मेलामाइन मिसळायचं. मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातलं रसायन, त्यात वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. चाचणीत दूध उत्तम ठरत होतं. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, त्यांच्या मूत्रपिंडांत खडे झाले आणि सहा बाळं दगावली. वर्गात केल्डालची पद्धत शिकवताना मी हे दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी वर्ग गप्प होतो.

प्रोटीन पावडरमध्ये चालते ती फसवणूक विषारी नसते, पण तिची युक्ती हीच असते. अमिनो आम्लं म्हणजे प्रोटीनच्या विटा, आणि ग्लायसीन हे त्यांतलं एक स्वस्त अमिनो आम्ल. एक ग्रॅम ग्लायसीन चाचणीत जवळपास १.२ ग्रॅम प्रोटीन म्हणून मोजलं जातं. जिममध्ये पूरक म्हणून घेतलं जाणारं क्रिएटीन तर एक ग्रॅम घातलं की दोन ग्रॅम प्रोटीनइतकं भरतं. महागडं व्हे थोडं काढलं आणि त्या जागी हे घातलं, तरी २४ चा आकडा जसाच्या तसा. स्नायू घडवायला मात्र शरीराला न बनवता येणारी नऊच्या नऊ अमिनो आम्लं लागतात. ग्लायसीन त्यांत नाही, शरीर ते स्वतः बनवतं.

म्हणून भाच्याला मी सांगितलं, प्रोटीनचा आकडा सोड, ल्युसीनचा शोध. स्नायूंना 'बांधकाम सुरू करा' असा इशारा देणाऱ्यांत ल्युसीन हे मुख्य अमिनो आम्ल, आणि व्हेमध्ये त्याचं प्रमाण ठरलेलं असतं: प्रोटीनच्या साधारण १० ते ११ टक्के. म्हणजे खऱ्या २४ ग्रॅममध्ये ते अडीच ग्रॅमच्या आसपास हवं. पावणेदोनच असेल तर बाकीचं प्रोटीन कुठून आलं हा प्रश्न उभा राहतो. ग्लायसीनचा आकडाही बघावा. २४ ग्रॅम व्हेमध्ये ते अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतं. दोन-तीन ग्रॅम दिसलं तर ते वरून घातलेलं आहे. घटकांची यादी वाचावी, कारण ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. व्हेच्या पाठोपाठ माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली स्वस्त भर), ग्लायसीन, टॉरीन (असंच नायट्रोजन असलेलं आम्ल) किंवा सुटं ल्युसीन आलं तर तो डबा मी घेणार नाही.

लेबलच खोटं असेल तर? ही शंकाही खरी आहे. केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या, तो अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत वनस्पतिजन्य पावडरीही होत्या. जवळपास ७० टक्के पावडरींचा प्रोटीनचा आकडा लेबलशी जुळला नाही. म्हणून डब्यावरच्या बॅच नंबरचा, बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अमिनो आम्लांचा अहवाल मागावा. जो ब्रँड तो देतो, त्याला मी शंभर-दोनशे रुपये जास्त द्यायला तयार आहे.

घरी करता येईल अशी एक चाचणी मात्र आम्ही केली. दोन ग्लासांत उकळतं पाणी घेतलं. एकात चमचाभर पावडर टाकली, दुसऱ्यात चमचाभर दुधाची पावडर. पहिल्या ग्लासात बघता बघता चॉकलेटी लचके तरंगायला लागले, अगदी उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा बलक सोडावा तसे. दुसऱ्यात नुसतं दूध झालं, कारण केसीन उष्णतेने गोठत नाही. लचके धरले म्हणजे डब्यात उष्णतेने गोठणारं प्रोटीन आहे, बहुधा व्हेच. किती आहे, हे ही चाचणी सांगत नाही. (असे लचके धरल्याने पोषण कमी होत नाही. उकडलेलं अंडं आपण खातोच की.)

राहिला पैशाचा हिशोब. दोन किलोत साधारण ६० स्कूप, म्हणजे स्कूपला शंभर रुपये आणि ग्रॅमभर प्रोटीनला चार रुपयांच्या वर. तूरडाळ दीडशे रुपये किलो धरली तर तोच ग्रॅम सत्तर पैशांच्या आसपास पडतो, सात रुपयांच्या अंड्यात सव्वा रुपयाच्या आत. सोयाबीनच्या वड्या तर याहून स्वस्त. डाळीचं प्रोटीन व्हेइतकं पचत नाही आणि त्यात काही अमिनो आम्लं कमी असतात हे खरं, पण भाताबरोबर ती उणीव बरीचशी भरून निघते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) हिशोबाने माणसाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे ६५ किलोच्या भाच्याला ५४ ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला थोडं जास्त लागतं. ते जेवणातून होत असेल तर डब्याची गरज नाही. मेसचं जेवण निकृष्ट असेल, वेळ नसेल, तर व्हे ही चांगली सोय आहे, आणि सोयीचे पैसे मोजण्यात काही गैर नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

'आयसोलेट' म्हणजे आणखी गाळून शुद्ध केलेलं व्हे. या शब्दासाठी दुकानदार हजार-पंधराशे जास्त मागतो. त्यात प्रोटीन ९० टक्के किंवा जास्त आणि लॅक्टोज जवळपास नाही. साध्या, कमी गाळलेल्या व्हेच्या म्हणजे चांगल्या कॉन्सन्ट्रेटच्या एका स्कूपमध्ये लॅक्टोज दोन ग्रॅमच्या आसपास असतं, कपभर दुधात नऊ-दहा. दूध पिऊन ज्याचं पोट बिघडत नाही, त्याने आयसोलेटचे पैसे वाचवावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. डब्यातल्या स्कूपने काठोकाठ, सपाट करून पावडर घेतली. काट्यावर आले २९ ग्रॅम. पुन्हा घेतली, पुन्हा २९. म्हणजे लेबलवरचं सगळं खरं मानलं तरी भाच्याच्या पोटात रोज २१ ग्रॅमच प्रोटीन जात होतं. त्याने काटा आपल्या खोलीत नेऊन ठेवला आणि बॅच नंबर लिहून कंपनीला मेल पाठवला, ल्युसीनचा आकडा मागून.